मयताची मिळकत आणि वकिलाची फी



ह्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, अशी प्रथा आहे. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. कामगारांचे प्रॉव्हिडंट फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे अर्ज भरता भरता जेवढा कायदा वाचावा लागला, तेवढाच आमचा अभ्यास. आजचा विषय काहींना अशुभ वाटेल. पण घरातला कर्ता माणूस गेला, की तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बायकोला बँक, कोर्ट आणि वकिलाचे घर ह्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्या वेळी तिला कोणी फसवू नये, म्हणून हा विषय बाकीच्यांनी आधीच समजून घेतलेला बरा.

२०१९ सालची एक हकिकत सांगतो. एका कारखान्यातला फिटर अचानक वारला. मागे पत्नी आणि दोन शाळकरी मुले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून नऊ लाख रुपये होते, आणि त्यावर पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून लागलेले होते. बँकेत पाच लाखांची ठेव होती, तिच्यावर मात्र कोणाचेच नाव नव्हते. बँकेने सक्सेशन सर्टिफिकेट मागितले. बाई एका वकिलांकडे गेल्या. त्यांनी सर्व कागद ठेवून घेतले आणि सांगितले, ‘एकूण रकमेवर शेकडा दहा.’ म्हणजे चौदा लाखांवर एक लाख चाळीस हजार. बाई आमच्या कचेरीत येऊन म्हणाल्या, ‘भाऊ, ह्यांचेच पैसे सोडवायला ह्यांच्याच पैशांतला वाटा द्यायचा का?’

आम्ही हिशेब मांडला. नऊ लाखांचे अर्ज युनियनच्या कचेरीत भरले गेले होते. वकिलांनी त्या कागदाला हात लावलेला नव्हता, तरी त्याच्यावर नव्वद हजारांची मागणी होती. राहिलेल्या पाच लाखांसाठी काम होते ते एवढेच : दिवाणी न्यायालयात अर्ज द्यायचा, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे जोडायची, जाहीर नोटीस काढायची, आणि कोणाची हरकत आली नाही तर प्रतिज्ञापत्र देऊन दाखला घ्यायचा. सासरच्या कोणाचीही तक्रार नव्हती. पुढे दुसऱ्या एका वकिलांनी हेच काम ठराविक रकमेत, पावती देऊन करून दिले.

आम्ही आयुष्यभर मजुरीच्या दराची भांडणे केली. त्यात एक गोष्ट शिकलो : दर कामावर ठरतो आणि कामाआधी ठरतो. विणकराने विणलेली साडी श्रीमंताच्या घरी गेली म्हणून त्याला जादा मजुरी मिळत नाही. तसाच बिनतक्रारीचा वारसा-अर्ज पाच लाखांचा असो की पन्नास लाखांचा, त्याची पाने तेवढीच असतात. वकील हाही बुद्धीचे श्रम करणारा माणूस आहे. त्याचे मोल बुडवावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. आमच्या युनियनचे कितीतरी लढे चांगल्या वकिलांनीच तारले. मृत्युपत्राला आव्हान आले, दुसऱ्या लग्नाची भानगड निघाली, अज्ञान मुलाच्या हिश्शाचा प्रश्न आला, तर ते काम कष्टाचे आहे आणि त्याला भरपूर फी दिली पाहिजे. पण फी म्हणजे श्रमाचे मोल. फी म्हणजे वारसा नव्हे. वकील हा मयताचा आणखी एक वारस होऊ शकत नाही.

हे केवळ आमचे मत नाही. निकालावर अवलंबून असणारी फी ठरवू नये आणि अशिलाला मिळणाऱ्या पैशात वाटा मागू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच आहे. वसुलीत वाटा घेण्याचा करार करणाऱ्या वकिलाला सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच गैरवर्तनाबद्दल दोषी धरले होते. २०१७ साली मोटार-अपघाताच्या एका प्रकरणात मिळालेल्या भरपाईवर टक्केवारीने फी मागितली गेली, तेव्हाही न्यायालयाने ती अमान्य केली. आणखी एक निकाल प्रत्येकाने लक्षात ठेवावा. फी बाकी आहे ह्या कारणाने वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे.

मुंबईकडे आपल्यापैकी अनेकांची खोली, निदान नातेवाईक तरी असतात. तेथे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर आणि बॅरिस्टर अशी दुहेरी पद्धत होती. ती १९७६ च्या कायदादुरुस्तीने संपली. पण त्या पद्धतीत घेण्यासारखी एक गोष्ट होती. सॉलिसिटरचे बिल कलमवार असे, आणि ते टॅक्सिंग मास्टर नावाच्या अधिकाऱ्यापुढे तपासून घेता येई. पत्र किती लिहिली, हजेऱ्या किती, त्याचा आकार किती, हे सारे कागदावर. कलमवार बिल मागणे म्हणजे वकिलाचा अपमान, असे ज्यांना वाटते त्यांनी हा जुना रिवाज आठवावा. मुंबईतील हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेण्याची जी सक्ती होती, तीही डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ वगळून काढून टाकली. तेव्हा आजही कोणी ‘प्रोबेटशिवाय गत्यंतर नाही’ म्हणाला, तर ‘का?’ असे विचारावे.

आता वकिलावाचून होणारी कामे पाहू. शेतजमिनीची वारस-नोंद तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, अर्ज देऊन होते. ही वर्दी तीन महिन्यांत द्यावी असे महसूल संहितेत आहे. फंड, पेन्शन आणि फंडाशी जोडलेला विमा ह्या तिन्हींसाठी वारसांना एकच अर्ज पुरतो. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मोठी सुधारणा केली. नॉमिनी नसला आणि तंटाही नसला, तर व्यापारी बँकेत पंधरा लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी सक्सेशन सर्टिफिकेट मागू नये, आणि कागद पुरे झाल्यावर पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असा तो आदेश आहे. तो ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणावयाचा होता. त्या फिटरच्या पत्नीला हा नियम मिळता, तर कोर्टाची पायरीच चढावी लागली नसती.

आणि जेथे कोर्ट चुकत नाही, तेथे एक हक्क आहे, तो आमच्या माताभगिनींना कोणी सांगत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणतीही स्त्री, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. औद्योगिक कामगारही पात्र आहे. तालुक्याच्या कोर्टात ह्याची समिती असते, आणि १५१०० ह्या क्रमांकावर विचारपूस करता येते. ज्या विधवेला कायदा वकील फुकट देतो, तिच्याकडून शेकडा दहा घेतले जातात, ही आमच्या समाजाची लाजिरवाणी गोष्ट आहे.

म्हणून घरी जाऊन आपण एवढे करावे. प्रत्येक खात्यावर, ठेवीवर आणि फंडावर नॉमिनी लावावा. लग्न झाल्यावर फंडाचे नामनिर्देशन नव्याने करावे. नॉमिनी हा सामान्यतः पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक वारस असतात, हेही मुलांना समजावून सांगावे, म्हणजे भावाभावांत खटले होणार नाहीत. सर्व कागदांची यादी एका वहीत लिहून घरात दोघांना तरी ठाऊक असू द्यावी. वकिलाकडे जाण्याची वेळ आलीच, तर कोणते काम, किती फी आणि कोर्ट-फी वेगळी किती, हे आधी लिहून घ्यावे, मूळ कागद देताना पोच घ्यावी आणि पैसे देताना पावती घ्यावी.

कामगाराची शिल्लक ही त्याने पोटाला चिमटा घेऊन साठवलेली असते. तो आपल्या मजुरीचा दर भांडून ठरवून घेतो. त्याच्या पश्चात त्याच्या घरच्यांनीही दुसऱ्याच्या श्रमाचा दर विचारूनच द्यावा. त्यात संकोच कसला?