खाणीची वाट पाहणारे वावर



शेताला आम्ही विदर्भातली माणसे वावर म्हणतो. आज मी आपल्याशी अशा वावराविषयी चार शब्द बोलणार आहे, की जे आता शेत राहिलेले नाही आणि ज्याची खाण अजून झालेली नाही.

वर्धा नदीच्या खोऱ्यात, वणी, भद्रावती, राजुरा या भागांत काळ्या मातीखाली दगडी कोळसा आहे. कोळशाच्या जमिनी ताब्यात घेण्यासाठी १९५७ साली कायदा झाला. जमीन सरकारकडे जाते, नांगर थांबतो. पण यंत्रे दुसऱ्या दिवशी येतात असे थोडेच आहे! खाण टप्प्याटप्प्याने पुढे सरकते आणि एखाद्या वावराची पाळी यायला कित्येक पावसाळे जातात. या मधल्या काळात त्या जमिनीकडे बघायचे कोणी?

माणूस बघत नाही, म्हणून तण बघते. वखर बंद झाला की तरोटा उगवतो, कुंदा पसरतो, धुऱ्यावरून वेडी बाभूळ आत शिरते. आणि या सर्वांवर ताण करते ते गाजरगवत. हे आपल्या मातीतले नव्हे. ते मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात त्याची नोंद १९५६ साली पुण्याहून झाली, आणि आज ते नाही असे गाव सापडणे कठीण. एका जोमदार झाडाला १५ ते २५ हजार बी येते. ते इतके हलके असते की वारा, पाणी, गाडीचे चाक, जनावराचा खूर, कशाबरोबरही ते प्रवास करते. अंगाला लागले तर खाज सुटते, पराग नाकात गेले तर काहींना दमा होतो, आणि गाईने खाल्ले तर दुधाला कडू चव येते.

अशाच एका वावराच्या धुऱ्यावर एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, "मास्तर, माहं वावर तं गेलं. पन त्या वावरातल्या गवतानं आता शेजाऱ्याचंबी वावर खाल्लं. त्याले मी का सांगू?" मला उत्तर देता आले नाही. जमीन गेली तरी शेजारधर्म जात नाही, हेच ते सांगत होते.

मग मी काय केले ते सांगतो. चूक लपवण्यात अर्थ नाही. सप्टेंबर महिन्यात मी कॉलेजातील वीस-पंचवीस मुले घेऊन तेथे गेलो. गवत पांढऱ्या फुलांनी भरले होते. मुलांनी उत्साहाने, उघड्या हातांनी ते उपटले आणि धुऱ्यावर ढीग घातले. तिसऱ्या दिवशी दोघांच्या हातांवर पुरळ उठले. पुढच्या पावसाळ्यात जाऊन पाहतो तो वावरापेक्षा धुराच अधिक दाट! फुलावर आलेल्या झाडाचे बी ढिगातही पिकते, हे वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्या दिवशी कळले.

तेव्हा पहिली गोष्ट वेळेची. पहिल्या पावसानंतर जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, झाड मुळासकट उपटावे. नुसते कापले तर बुडातून पुन्हा फुटते. हातात मोजे हवेत, नाकावर फडके हवे. फूल नसलेल्या झाडांचे कंपोस्ट खत उत्तम होते. शिक्षकबंधूंना विनंती, की लहान मुलांना या कामाला लावू नये. मुलांनी झाड ओळखायला शिकावे, तेवढे पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट अशी, की जमीन उघडी ठेवू नये. तरोट्याचे बी हिवाळ्यात गोळा करून पावसाळ्यापूर्वी फेकले, तर तरोटा दाट उगवून गाजरगवताला दाबतो. त्याची कोवळी पाने भाजीलाही होतात. मारवेलसारखे गवत लावले तर गुरांना वैरण मिळते.

तिसरा मदतनीस म्हणजे मेक्सिकोतून आणलेला एक छोटा भुंगेरा. १९८४ साली तो बंगळूरकडे सोडण्यात आला. तो व त्याच्या अळ्या पावसाळ्यात गाजरगवताची पाने खातात. जेथे तो कामाला लागला असेल तेथे कीटकनाशक फवारू नये.

आता कोणी म्हणेल, "जी जमीन उद्या खणायचीच, तिची एवढी काळजी कशाला?" प्रश्न रास्त आहे. परंतु खणताना वरचा सुपीक थर आधी वेगळा काढून ठेवायचा असतो, आणि खाण भरून काढल्यावर तोच वर पसरायचा असतो. ही हातभर माती तयार व्हायला हजारो वर्षे लागली. तिच्यात तणाचे बी मुरले असेल तर मातीबरोबर तेही ढिगात जाईल, आणि ढिगातून नव्या जमिनीवर. शिवाय मातीचा ढीग फार उंच रचला आणि उघडा ठेवला, तर आतले उपयुक्त जीवजंतू मरतात व वरची माती धुपून जाते. म्हणून ढीग बुटका असावा, त्यावर गवत व शेंगवर्गी झाडे पेरावीत, आणि जमेल तितक्या लवकर ती माती परत पसरावी.

हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. जमीन आता दुसऱ्याच्या ताब्यात आहे. परवानगीवाचून तेथे पाय ठेवू नये. पण ग्रामपंचायतीने ठराव करून, गवत लावण्याची व वैरण कापण्याची मुभा खाणीच्या अधिकाऱ्यांकडे लेखी मागावी. मृगापूर्वी मागावी, दिवाळीत मागून उपयोग नाही.

त्या वृद्ध गृहस्थांना मी आता एवढेच सांगेन : भाऊ, वावर गेले हे खरे. पण माती अजून तेथेच आहे, आणि ती उद्या कोणाच्या तरी नातवाला परत मिळायची आहे. ती स्वच्छ मिळावी.