महागड्या शहराचा उंबरठा

(सुरगाणा येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते. ते आता आपल्या घरोघरी पटले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. म्हणून आज मी त्यापुढील पायरीविषयी बोलणार आहे. येथून मुंबईस शिकावयास गेलेल्या आपल्या मुलामुलींचा तेथे निर्वाह कसा व्हावा, हा माझा विषय.

घर सोडून पोटामागे जाणे आपणांस नवे नाही. भात-नागलीची कामे उरकली की द्राक्षबागांच्या मजुरीसाठी दिंडोरी-निफाडकडे उतरण्याची वहिवाट कित्येक घरांत आहे. परंतु तेथे बिऱ्हाड सोबत असते, आपली माणसे शेजारी असतात आणि हंगाम सरला की घर गाठता येते. मुंबईस गेलेला मुलगा एकटा असतो, आणि त्याचा हंगाम तीन-चार वर्षांचा असतो.

मुंबई महाग आहे, हे जगाने मोजून ठेवले आहे. मर्सर नावाची एक सल्लागार संस्था जगातील शहरांची महागाई मोजते. घरभाडे, प्रवास, अन्न, कपडालत्ता अशा दोनशेहून अधिक बाबींचे भाव ती ताडून पाहते. 2024 च्या तिच्या यादीत भारतातील शहरांमध्ये मुंबई सर्वांत महाग ठरली. या यादीचा उपयोग मोठ्या कंपन्या परदेशी धाडलेल्या आपल्या नोकरांचा भत्ता ठरविण्यासाठी करतात. म्हणजे त्या परक्या मनुष्याच्या पाठीशी त्याची कंपनी हिशेब करून उभी असते. आपल्या मुलाच्या पाठीशी कोण उभे आहे?

हा प्रश्न मला माझ्या घरातच पडला. माझा पुतण्या 2019 साली मुंबईच्या एका महाविद्यालयात दाखल झाला. घरात पेढे वाटले. चौथ्या महिन्यात तो पेटी घेऊन परत आला. खोलीची अनामत आणि दलाली देताच जवळचे पैसे संपले होते. पुढे तो एक वेळ जेवून राहिला आणि आम्हांस पत्ता लागू दिला नाही. दोष मी त्याला देत नाही. फीची चौकशी आम्ही चारदा केली, राहण्याची एकदाही केली नाही.

सरकारी साहाय्य आहे, आणि ते प्रत्येक पालकास ठाऊक असले पाहिजे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू झाली. त्या वेळी मुंबईसाठी वर्षाकाठी भोजनास 32,000, निवासास 20,000 आणि निर्वाहास 8,000, असे एकूण 60,000 रुपये ठरले. आता हिशेब पाहा. भोजनाचे दिवसाला सुमारे 88 रुपये पडतात, निवासाचे महिन्याला सुमारे 1,666. काटकसरीने जेवण एक वेळ भागेल. परंतु एकट्याला तेवढ्यात खोली कशी मिळणार?

उदाहरणादाखल उपनगरातील एका खोलीचे भाडे दरमहा 12,000 आणि अनामत 50,000 रुपये धरू. सहा मुले एकत्र राहिली तर भाडे माणशी 2,000 पडते. भत्त्यात थोडी भर घातली की ते निभते. अडते ते अनामतीपाशी. बंधूंनो, माझ्या म्हणण्याचे सार इतकेच आहे : शहराचा उंबरठा ओलांडतानाच गरिबाचा दम तुटतो, आणि हे उंबरठ्याचे पैसे खर्ची पडत नाहीत, ते केवळ अडकून राहतात. खोली सोडताना ते परत मिळतात. जे परत मिळणार आहे, ते समाजाने उसने देण्यास हरकत कोणती?

याला आधार आहे. गोव्याहून बोटीवरच्या नोकरीसाठी मुंबईस येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या ‘कुडी’ उभारल्या. कूड म्हणजे खोली. आपल्या गावच्या कुडीत पेटी ठेवावी, पथारी टाकावी, अल्प वर्गणी भरावी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना करावी, असा तेथील रिवाज. गावचा मनुष्य शहरात उतरला की त्याला जागा ठरलेली. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली, तीही याच जाणिवेने. शाळा उघडली तरी शाळेजवळ राहण्याची सोय नसेल, तर दूरच्या मुलाला ती बंदच असते.

म्हणून माझी सूचना अशी. शंभर कुटुंबांनी प्रत्येकी 500 रुपये दिले की 50,000 रुपयांचा अनामत निधी उभा राहतो. त्यातून समाजाच्या नावे मुंबईत एक खोली घ्यावी. करार लेखी करून नोंदवून घ्यावा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. सुगीनंतर प्रत्येक घराने जमेल तेवढी नागली व तांदूळ धाडावेत. खोलीतील मुलांनी जमाखर्च वहीत लिहावा आणि तो या मेळाव्यात वाचून दाखवावा. मुलांची व्यवस्था मार्गी लागली की पुढच्या वर्षी हाच निधी मुलींच्या खोलीसाठी वाढवावा; त्यांची निकड अधिक आहे.

विद्यार्थ्यांना एकच सांगणे. उपाशी राहून घरी ‘ठीक आहे’ असे कळवू नका. अडचण सांगण्यात कमीपणा नाही. ती वेळीच न सांगितल्याने माझ्या पुतण्याचे वर्ष गेले.

तो मुलगा आज या मंडपात पाणी वाढीत आहे. निधीत पहिले 500 रुपये त्यानेच माझ्या हाती दिले आहेत. ते मी अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतो, त्यांत माझे घालतो आणि आपणां सर्वांची रजा घेतो.