व्यवस्थापनाच्या पडद्यासाठी चौकट कोणती?



आजचा विषय वाचून काही मंडळी बिचकली असतील. पण तो वाटतो तितका परका नाही. आगगाडीचे तिकीट आपण घरबसल्या काढतो, विजेचे बिल भरतो. तो झाला दुकानाचा दर्शनी भाग. आतल्या बाजूस कोणी कारकून बसलेला असतो आणि त्याच्यापुढेही एक पडदा असतो. कोणाचे नाव दुरुस्त करायचे, कोणाचे पैसे परत द्यायचे, कोणाचे खाते बंद करायचे, हे तो तिथून ठरवतो. यालाच ॲडमिन पॅनेल म्हणतात. दर्शनी भागावर आपण सारेच टीका करतो. खरी सत्ता मात्र आतल्या पडद्यावर असते. हजार नावे एका बटणाने पुसली जाऊ शकतात, ती तिथेच.

हा पडदा दर वेळी शून्यापासून कोणी बांधीत नाही. तयार चौकट घेतात. तिला फ्रेमवर्क म्हणतात. मुक्तस्रोत चौकट म्हणजे जिची घडण कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येते अशी. ती फुकट मिळते म्हणून घ्यावी, असे पुष्कळांचे म्हणणे. आम्हांस ते कारण दुय्यम वाटते. बंद पेटीचा कर्ता धंदा गुंडाळून गेला तर किल्ली त्याच्याबरोबर जाते. येथे ती आपल्यापाशी राहते. अर्थात ती फिरवता येणारा माणूस जवळपास हवा, हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' हे वृत्तपत्र निघते. त्याच्या कचेरीत २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी एक चौकट रचायला घेतली. वृत्तपत्राचे काम घाईचे. संपादकांना मजकूर भरण्यासाठी दर वेळी नवे पडदे कोण करीत बसणार? म्हणून युक्ती अशी केली, की नोंदीत कोणकोणते रकाने आहेत एवढे एकदा सांगावे. यादी, शोध आणि भरावयाचा तक्ता चौकटीनेच उभा करावा. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिचे नाव जँगो. जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून ठेवलेले. २०१० साली नासा आणि रॅकस्पेस यांनी सुरू केलेल्या ओपनस्टॅक या प्रकल्पाचा 'होरायझन' नावाचा व्यवस्थापन-पडदाही याच चौकटीवर उभा आहे.

तरी तिच्यातही उणिवा होत्या. ऑगस्ट २०१८ मधील २.१ या आवृत्तीपूर्वी तिच्या तयार पडद्यावर भर घालणे, बदलणे आणि पुसणे, एवढेच अधिकार वेगवेगळे देता येत. नुसते पाहण्याचा अधिकार नव्हता! ज्याला वही फक्त दाखवायची, त्याच्या हाती लेखणीही द्यावी लागे. शिवाय कर्त्यांनीच बजावले आहे, की हा पडदा संस्थेच्या विश्वासातील माणसांसाठी आहे. त्यावर सारा दर्शनी भाग उभारू नये.

मग अधिक देखणे, हलते-बोलते पडदे करणाऱ्या चौकटींकडे मन ओढ घेते. गूगलची अँग्युलरजेएस २०१० साली आली आणि लोकप्रिय झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली, ती जुन्याशी न जुळणारी! जुन्या चौकटीचा सांभाळ २०२१ अखेर थांबला. ज्यांनी तिच्यावर इमारती बांधल्या होत्या, त्यांना पायाच बदलावा लागला. फेसबुकने २०१३ साली खुल्या केलेल्या रिॲक्टची अडचण निराळी. तिच्या परवान्यात पेटंटविषयी असे कलम होते, की तुम्ही फेसबुकवर पेटंटचा दावा लावलात तर तुम्हांला दिलेली पेटंटची मोकळीक संपली. जुलै २०१७ मध्ये अपाची प्रतिष्ठानने आपल्या प्रकल्पांत असा परवाना चालणार नाही असे ठरवले. सप्टेंबरात रिॲक्ट साध्या एमआयटी परवान्याखाली आली. मार्च २०१६ मध्ये तर 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघा ११ ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्याने काढून घेतला आणि जगभर बांधकामे अडली. आपण घेतलेली चौकट दुसऱ्या किती तुकड्यांवर टेकली आहे, हे कोण मोजतो?

म्हणून वाचनालय, पतपेढी, नगरपालिका अशा ठिकाणी, जिथे दोनच जाणकार हाताशी असतात, तिथे आम्ही जँगोसारखी जुनी, कंटाळवाणी चौकट निवडू. तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सुमारे तीन वर्षे सुरक्षेची डागडुजी मिळते आणि कोणी काय बदलले याची नोंद तयार पडदा स्वतःच ठेवतो. एखादाच पडदा क्षणोक्षणी बदलणारे आकडे दाखवणारा हवा असेल, तर तेवढा एक रिॲक्टमध्ये करावा. साऱ्या कचेरीला तो सोस नको.

आणि निवड पक्की करण्यापूर्वी आठवडाभर खऱ्या कारकुनाला खऱ्या नोंदींसह त्या पडद्यापुढे बसवावे. 'कुऱ्हाडे' हे आडनाव मुद्दाम भरायला सांगावे. त्यातला अर्धा र संगणकात दोन-तीन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना सारखेच दिसते, पण यंत्राला ती निरनिराळी नावे वाटू शकतात. एका रीतीने भरलेले आडनाव दुसऱ्या रीतीने शोधून पाहावे. सापडले नाही, तर शोधण्यापूर्वी सर्व नावे एका रीतीत आणण्याचे काम किती दिवसांचे, ते आधी विचारावे आणि मगच करारावर सही करावी.