आकाशात लाइट गेली तर?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. प्रश्न एका ओळीचा होता: "दादा, छोट्या विमानात हवेत असताना लाइट गेली तर विमान पडतं का?"

नाही पडत. मी पायलट नाही, कोड लिहून पोट भरतो, पण सिम्युलेटरचं वेड आहे आणि मॅन्युअल वाचायची खोड आहे. तर बघूया.

बारामतीकडच्या मंडळींनी ट्रेनिंगची छोटी विमानं घिरट्या घालताना पाहिली असतील. सेस्ना १७२ घ्या, चार सीटचं, एका इंजिनाचं. त्याच्या इंजिनात ठिणगी पाडायला मॅग्नेटो असतात. इंजिन फिरलं की ते स्वतःची वीज स्वतःच तयार करतात. बॅटरी मेली, ऑल्टरनेटर मेला, तरी इंजिन मजेत चालू. वेग आणि उंची दाखवणारे काटे हवेच्या दाबावर चालतात, त्यांनाही वीज लागत नाही. जुन्या गोल डायलवाल्या विमानात तर विमान सरळ आहे की कललंय हे दाखवणारा जायरो इंजिनाच्या व्हॅक्यूम पंपावर फिरतो.

मग जातं काय? रेडिओ, जीपीएस, ट्रान्सपॉन्डर, दिवे. फ्लॅपही जातात, कारण १७२ मध्ये ते मोटरवर चालतात. म्हणजे उतरताना वेग थोडा जास्त ठेवायचा आणि रनवे जरा लांब लागणार हे गृहीत धरायचं. आणि एक गंमत (तिथे बसलेल्याला गंमत वाटणार नाही): पेट्रोलचे काटेही विजेवरचे, त्यामुळे ते टाकी रिकामी दाखवतात. टाकी भरलेलीच असते. म्हणून निघण्याआधी टाकीत पट्टी घालून मोजायचं आणि हातातलं घड्याळ बघायचं.

पण बहुतेक वेळा वीज एकदम जात नाही. आधी ऑल्टरनेटर जातो, लो व्होल्टेजचा दिवा लागतो, आणि आपण बॅटरीवर येतो. चार्जर काढलेल्या फोनसारखं, फक्त इथे टक्के दिसत नाहीत. सर्किट ब्रेकर उडालाय का बघायचं, ऑल्टरनेटर बंद करून एकदा परत चालू करायचा. एकदाच! ब्रेकर पुन्हा उडाला तर तो सांगतोय की वायरमध्ये काहीतरी बिघडलंय. दाबत बसलात तर आगीला आमंत्रण. जळका वास किंवा धूर आला तर प्रकरणच वेगळं, तिथे मास्टर स्विच ताबडतोब बंद.

धूर नसेल तर नको ती उपकरणं बंद करायची. रेडिओ चालू आहे तोवर टॉवरला सांगून टाकायचं. रेडिओ गेलाच तर ट्रान्सपॉन्डरवर ७६००, म्हणजे "माझा रेडिओ बंद पडलाय". ट्रान्सपॉन्डरही गेला तर टॉवरवाले दिव्याने खुणा करतात: हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा.

दिवसा, स्वच्छ आकाशात हे सगळं जमण्यासारखं आहे. खिडकीबाहेर क्षितिज दिसतं, त्याला बॅटरी लागत नाही. खरा धोका रात्री, ढगात.

११ ऑक्टोबर १९८३. अमेरिकेत एअर इलिनॉय ७१० हे दोन इंजिनांचं हॉकर सिडली ७४८ विमान स्प्रिंगफील्डहून कार्बनडेलला निघालं. सेस्नापेक्षा बरंच मोठं, पण गोष्ट तीच. रात्रीची वेळ, वाटेत ढग, फ्लाइट आधीच लेट. उड्डाणानंतर दोनेक मिनिटांत डावा जनरेटर गेला. को-पायलटने चुकून चांगला, उजवा जनरेटर वेगळा केला, आणि तो परत जोडला गेलाच नाही. स्प्रिंगफील्ड अगदी मागेच होतं. कॅप्टनने कंट्रोलरला किरकोळ इलेक्ट्रिकल अडचण असल्याचं सांगितलं आणि विमान पुढेच नेलं. प्रवास साधारण ३९ मिनिटांचा. बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास संपली. को-पायलट व्होल्टेज उतरत असल्याचं सांगत होता. शेवटी अंधारात उपकरणं गेली, वर कुठे, खाली कुठे कळेना. पिंकनीव्हिलजवळ विमान कोसळलं, सगळे दहा जण गेले. इंजिनांमुळे हे झालं नाही.

तपास अहवालाने मुख्य कारण म्हणून जनरेटरकडे नाही, तर कॅप्टनने जवळच्या विमानतळावर परत न फिरण्याकडे बोट दाखवलं. मला को-पायलटचा विचार जास्त येतो. आकडे त्याच्यासमोर होते, तो ते सांगतही होता, पण निर्णय शेजारच्या सीटवर होता. आमच्या ऑफिसात प्रॉडक्शनवर अलर्ट वाजत असताना "डेडलाइन आहे, पुढे चल" म्हणणारा सिनियर भेटतोच. फरक एवढाच, आमचा सर्व्हर रीस्टार्ट होतो.

नवीन काचेच्या स्क्रीनवाल्या १७२ मध्ये स्टँडबाय बॅटरी असते. ती नेमकं काय काय चालू ठेवते, ते पुढच्या भागात. व्हॉइस नोट पाठवत राहा. चला, भेटू!