केस धुण्याची माती आणि पोटातलं लोह

पलटणीत आयुष्य घालवलेला माणूस केस धुण्यावर बोलणार म्हटल्यावर काही जण हसले असतील. हसा. पण बाडमेर-जैसलमेरकडे दोन उन्हाळे काढलेल्या फौजी कुटुंबांना विचारा. तिथल्या बोअरच्या जड पाण्यात साबण लावला की फेस नाही, नुसता चिकट साका. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि तो थर केसांवर बसतो. म्हणजे 'खनिजं आहेत, तर केसांना चांगलीच' हे गणित तिथेच चुकतं.

गंमत अशी, की त्याच बाडमेरच्या जमिनीतून मुलतानी माती निघते. नाव मुलतानचं, ते आता पाकिस्तानात. मातीत सिलिका, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह सगळं असतं, आणि पुडीवर 'केसांना पोषण' असं छापलेलं असतं. आता बघा, डोक्याबाहेर दिसणारा केस हा जिवंत नसतोच. त्याला खाऊ घालणार काय? मातीचं काम टिपकागदाचं. तेल, घाम, धूळ ओढून घेते. हे काम ती फार छान करते, तेवढंच तिच्याकडून मागा.

आमच्या घरची कृती सांगतो. रिठ्याची आठ-दहा टरफलं, बिया काढून. शिकेकाईच्या पाच-सहा शेंगा. मूठभर आवळकाठी. रात्री अर्धा लिटर पाण्यात भिजत घाला, सकाळी मंद आचेवर अर्धं होईपर्यंत उकळा, कोमट झाल्यावर कुस्करून फडक्यातून गाळा. हा फेस साबणाचा नाही, त्यामुळे जड पाण्यातही तसा साका धरत नाही. न्हाण्याच्या वेळी त्यात चमचाभर माती कालवा. पाच मिनिटं ठेवा, डोक्यावर वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. डोळे घट्ट मिटा, रिठा भयंकर झोंबतो. केस मुळातच कोरडे असतील तर माती नकोच.

आवळा लोखंडी कढईत भिजवला की काळा होतो. आजीच्या काळापासून लोकांना वाटतं, लोह केसांत उतरलं. उतरतो तो रंग.

हे ताणून सांगायचं कारण आमच्या सूनबाई. बाळंतपणानंतर मूठमूठ केस जायला लागले. शेजारणींनी पाच प्रकारच्या पुड्या आणून दिल्या, सगळ्या 'खनिजयुक्त'. मी तिला आधी रक्त तपासायला नेलं. हिमोग्लोबिन ८! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतरची गळती बहुतेकींची वर्षभरात आपोआप थांबते, पण एवढं कमी रक्त घेऊन तान्हं बाळ सांभाळणं बरं नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, आणि मागेपुढे तासभर चहा नाही. चहा बंद म्हटल्यावर ती जास्त रडली. पुड्या नुसत्या लावत बसलो असतो, तर हा आकडा कळला कधी असता?

आता नेहमीचे दोन प्रश्न. हा काढा बाटलीत भरून महिनाभर ठेवता येईल का? नाही. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, आंबूस वास आला की फेकून द्या. आणि खाण्याचा सोडा घालू का? मुळीच नको. सोड्याने केस खरखरीत होतात. फेस कमी वाटला तर दोन रिठे वाढवा.