अटक ही शिक्षा नव्हे
(काल्हेर, ता. भिवंडी येथील सभेत केलेले भाषण)



काल्हेरच्या गोदामांत हमाली करणारा मनुष्य रोजच्या मजुरीवर जगतो. तो मोर्चाला जातो, तेव्हा एका दिवसाची भाकरी सोडून जातो. अशा मनुष्याला पोलिसांनी धरले, तर त्याच्या अंगावर हात टाकण्याचा अधिकार त्यांना किती आहे, आणि तो ओलांडला तर जाब कोणी द्यावयाचा, हा आजचा विषय आहे.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले व पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे मृत्यूचे कारण शवविच्छेदनाच्या अहवालाने दिले.

ज्याने दगड मारला असेल, त्याच्यावर खटला भरावा. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु खटला भरणे निराळे आणि हाडे मोडणे निराळे. शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे; तो कोणत्याही शिपायाच्या काठीला दिलेला नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ सांगते की, अटकेला विरोध झाला तर ती करण्यासाठी आवश्यक ते उपाय पोलिसांनी योजावेत. कलम ४६ सांगते की, पळून जाऊ नये म्हणून जेवढे बंधन लागेल, त्याहून अधिक घालू नये. म्हणजे बळाची परवानगी अटकेपुरती आहे. मनुष्य शांतपणे गाडीत बसला की ती परवानगी संपली. त्यानंतरचा प्रत्येक तडाखा हा बंदोबस्त नव्हे, गुन्हा होय.

डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसावी. अटकेचा पंचनामा करून त्यावर नातेवाइकाची वा प्रतिष्ठित नागरिकाची सही घ्यावी. आप्तांना कळवावे. अंगावर जखमा असल्यास त्यांची नोंद व्हावी. आणि संविधानाच्या कलम २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे.

हा उभे राहण्याचा क्षण फार महत्त्वाचा आहे. सूर्यवंशी याने न्यायदंडाधिकाऱ्यापुढे मारहाणीची तक्रार केली नाही, असे सरकारतर्फे विधानसभेत सांगण्यात आले. परंतु ज्याला पोलिसांनी आणले आहे व पोलीसच परत नेणार आहेत, तो मनुष्य तोंड कसे उघडील? त्याच्या मौनाला पुरावा म्हणणे हा न्याय नव्हे. म्हणून त्या वेळी आपला वकील व घरचे माणूस न्यायालयात हजर पाहिजे. कलम ५३ प्रमाणे होणाऱ्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागून घेतली पाहिजे. मनुष्य भिऊन गप्प राहील. कागद गप्प राहत नाही.

परभणीत हेच घडले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. सोमनाथची आई उच्च न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे म्हणणे फेटाळले. पोलिसांविरुद्ध नुसता गुन्हा नोंदविण्यासाठी एका मातेला एवढी पायपीट करावी लागली!

गुन्हा नोंदला म्हणजे न्याय मिळाला, असे कोणी समजू नये. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० माणसे मेली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरविले ते २००९ साली, आणि पुढे तो जामिनावर सुटला. बारा वर्षे साक्षीदारांनी टिकून राहणे हीच त्या वस्तीची खरी कसोटी होती.

तेव्हा मोर्चाला निघताना वकिलाचे नाव घरी सांगून निघा. कोणी धरला गेला तर वेळ, ठिकाण व पट्टीवरील नाव त्याच दिवशी लिहून ठेवा. बाबासाहेबांनी आपल्या हाती संविधान दिले आहे. त्यातील कलम पोलीस ठाण्याच्या दारात उच्चारण्याचे धैर्य मात्र आपणच आणावयाचे आहे.

जय भीम.