चढाची सायकल



सायकल हे आमच्या वर्गाचे वाहन. पण आजचा विषय आहे घाट चढण्यासाठी मुद्दाम बनवलेली कार्बनची सायकल. तिची किंमत ऐकली की आमचा वर्ग दोन पावले मागे सरतो.

प्रथम हिशेब करू. फ्रान्समधला आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटर, २१ वळणे, दर शंभर मीटरला सरासरी आठ मीटर उंची. स्वार ६५ किलोचा, सायकल ७ किलोची. सायकल एका किलोने हलकी केली तर एकूण ओझे दीड टक्काही घटत नाही. चढाला तास लागत असेल तर पाऊणएक मिनिट वाचेल. शर्यतीत हे पुष्कळ झाले. रविवारच्या स्वाराने तेवढे पोटावरून उतरवावे, स्वस्त पडेल! गुडघे वाचवतो तो गिअर.

आणि त्याच गिअरला मालकाची बंदी होती. तूर द फ्रान्सचा चालक आंरी देग्रांज हा वृत्तपत्रवाला. १९१० साली त्याच्या शर्यतीने पिरेनीजचे मोठे घाट स्वारांपुढे टाकले. चालत्या सायकलीवर गिअर बदलण्याची सोय मात्र १९३७ साली मिळाली. तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचे चाक काढायचे, उलटे बसवायचे. हौशी प्रवासी गिअर वापरत होते. पोटासाठी चालवणाऱ्याला तो वर्ज्य! १९२४ साली आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए जर्सीच्या नियमावरून भांडून दोन साथीदारांसह शर्यत सोडून गेला. पहाटे थंडीत चढवलेली जादा जर्सी उन्हात टाकून द्यायची नाही, असा तो नियम. आम्ही त्याला संपच म्हणतो.

आता नियम उलट्या बाजूने आहे. २००० सालापासून शर्यतीची सायकल ६.८ किलोहून हलकी चालत नाही.

हा हलकेपणा येतो कुठून? केसाहून बारीक धाग्यांचे, राळेत भिजवलेले ताव कापून साच्यात एकावर एक लावतात आणि उष्णता व दाब देऊन पक्के करतात. धागा धावेल तिकडे ताकद; पीळ पडतो तिथे ताव तिरपा. माग चालवलेल्या माणसाला हे समजावावे लागत नाही. हे लावणे आजही बहुतांशी हातांनी होते. आत सुरकुती राहिली तर रंगाखाली दिसत नाही, आणि त्याच सांगाड्यावर बसून माणूस घाट उतरतो.

दुकानात वजनकाटा मागता, तसे हेही विचारा: ताव लावणाऱ्याला एका पाळीत किती सांगाडे पुरे करावे लागतात? आम्ही दोन दुकानांत विचारले. किंमत दोघांनाही तोंडपाठ होती.